आधी खूर उचला

घोडा कोणत्या पायानं लंगडतोय हे ओळखायचं असेल, तर सुरुवातीला पायांकडे पाहू नका, मानेकडे पाहा. पुढचा दुखरा पाय जमिनीला टेकला की घोडा डोकं वर उचलतो आणि त्या पायावरचा भार हलका करतो. चांगला पाय टेकला की डोकं खाली येतं. दुखणं मागच्या पायात असेल, तर घोड्याच्या मागे उभं राहून पुठ्ठे पाहावे लागतात. दुखऱ्या बाजूचा पुठ्ठा दुसऱ्या पुठ्ठ्यापेक्षा जास्त वर-खाली होतो. साध्या चालीत हे लपून जातं, दुडकीत उघडं पडतं. म्हणून घोडा सरळ, सपाट, टणक जमिनीवर दुडक्या चालीनं पळवून घ्यावा, एकदा समोरून आणि एकदा पाठीमागून पाहावा. पळवणाऱ्यानं दोरी ढिली सोडायला हवी. दोरी आखडून धरली तर घोड्याला मान हलवताच येत नाही, आणि पाहणाऱ्याला काही कळत नाही.

घोड्याच्या वजनाचा साधारण ६० टक्के भार पुढच्या दोन पायांवर असतो. त्यामुळे लंगडणारे बहुतेक घोडे पुढच्या पायानं लंगडतात, आणि पुढच्या पायानं लंगडणाऱ्यांपैकी बहुतेकांचं दुखणं खुरातच असतं. आपल्याकडे मात्र घोडा लंगडला की पहिला संशय खांद्यावर. लचक भरली, वारं धरलं, असं म्हणत खांद्याला तेल चोळलं जातं, शेक दिला जातो, कुठं कुठं डागण्याही दिल्या जातात. खुराच्या तळात पू साठलेला असतो आणि खांद्यावर चटके बसतात. डागल्यानं आतलं दुखणं बरं होत नाही, जिवंत कातडी तेवढी जळते. म्हणून या प्रकरणाचं सगळं सांगणं एकाच गोष्टीभोवती फिरतं: घोडा लंगडला की आधी खूर उचलून पाहा.

हे पुणे जिल्ह्यातल्या शिरूर आणि दौंड या दोन तालुक्यांच्या संदर्भात सांगायचं कारण, घोड्याचं आणि या मातीचं नातं फार जुनं आहे. घोड नदीकाठचं शिरूर आणि भीमेकाठचं दौंड हा पर्जन्यछायेतला मुलूख. वर्षाला पाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस, मैलोगणती मुरमाड माळ, खडकाळ ओढे, खुरटं पण कसदार गवत. भीमेच्या खोऱ्यातली भीमथडीची तट्टं याच जमिनीवर वाढली, आणि मराठी फौजांनी त्यांच्या पाठीवरून उत्तरेपर्यंत मजल मारली. उंचीनं बेताची, दिसायला फार देखणी नाहीत, पण कमी चाऱ्यावर तगणारी आणि टणक खुरांची. कोरड्या, दगडाळ जमिनीवर रोज मैलोन्मैल चालणाऱ्या घोड्याचं खूर जेवढं वाढतं तेवढं झिजत राहतं आणि टणक राहतं.

तरीही आपल्या पूर्वजांनी खुरांचं काम नशिबावर सोडलेलं नव्हतं. सभासद बखरीत शिवाजी महाराजांच्या पागेची व्यवस्था दिली आहे, तिच्यात पंचवीस बारगिरांमागे, म्हणजे सरकारी घोड्यांवरच्या स्वारांमागे, पाणी वाहणारा एक पखाली आणि एक नालबंद नेमलेला आहे. पंचवीस घोड्यांमागे एक नालबंद हे प्रमाण आजच्या कुठल्याही घोडेमालकानं लक्षात ठेवावं असं आहे. ज्याला फौज लांब न्यायची होती, त्यानं पाणी आणि खूर या दोन गोष्टींसाठी स्वतंत्र माणसं ठेवली. पुढं कंपनी सरकारनंही हाच मुलूख हेरला. शिरूरला छावणी पडली, १८१७ साली पूना ऑक्झिलिअरी हॉर्स हे घोडदळ उभं राहिलं, आणि एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात शिरूर तालुक्यातल्या आलेगावात सरकारी पैदास केंद्र चाललं. आलेगाव पागा या नावानं हे गाव आजही ओळखलं जातं. २०२४ च्या सुरुवातीला कर्नालच्या राष्ट्रीय पशू आनुवंशिक संसाधन ब्यूरोनं भीमथडी घोड्याची स्वतंत्र जात म्हणून नोंद केली. मारवाडी, काठियावाडी, मणिपुरी, स्पिती, झंस्कारी, भुतिया आणि कच्छी-सिंधी यांच्यानंतर नोंद झालेली ही देशातली आठवी जात. ही जात टिकली ती मुख्यतः धनगरांमुळे. मेंढरांमागं फिरणाऱ्या कुटुंबांचा संसार, भांडीकुंडी, कोंबड्या, नुकतीच जन्मलेली कोकरं, सगळं या तट्टांच्या पाठीवरून चालत आलं.

मुलूख मात्र बदलला. खडकवासल्याचा कालवा दौंड तालुक्यात आला, चासकमान आणि घोड धरणाचं पाणी शिरूरला मिळालं, माळाच्या जागी ऊस उभा राहिला. रांजणगाव आणि कुरकुंभला औद्योगिक वसाहती झाल्या, रस्ते डांबराचे आणि सिमेंटचे झाले. घोड्याच्या पायाखाली आता एकीकडे पाण्यानं भिजलेली काळी माती आहे, दुसरीकडे उन्हात तापलेलं डांबर, आणि रस्त्याच्या कडेला स्क्रू, खिळे, पत्र्याचे तुकडे आणि वेड्या बाभळीचे काटे. कामही बदललं. धनगरांची तट्टं अजून आहेत, पण त्यांच्या जोडीला वरातीचे घोडे आले, जत्रेत नाचणारे घोडे आले. शिरूर, आंबेगाव, खेड, जुन्नरच्या बैलगाडा घाटात, म्हणजे शर्यतीच्या चढाच्या धावपट्टीवर, बैलांच्या पुढं धावणारी घोडी आली. आषाढी वारीत तुकोबांची पालखी यवत, वरवंडचा मुक्काम करून रोटी घाटानं बारामतीकडे जाते, तेव्हा पालखीसोबतचे अश्वही ही सगळी वाट डांबरावरून चालतात. यातल्या प्रत्येक कामाचं पायाचं दुखणं वेगळं आहे.

ते समजून घ्यायचं तर खुराच्या आत डोकावावं लागतं. बाहेरून दिसणारी खुराची भिंत आपल्या नखासारख्याच द्रव्याची असते, केराटिनची. तिच्या आत, खुराच्याच आकाराचं एक हाड असतं. हे हाड तळव्यावर ठेवलेलं नसतं, ते भिंतीला आतून टांगलेलं असतं. भिंतीच्या आतल्या बाजूनं सुमारे ५५० ते ६०० उभे पापुद्रे निघतात, हाडाकडून तितकेच पापुद्रे येतात, आणि दोन्ही एकमेकांत घट्ट गुंततात. पुन्हा प्रत्येक पापुद्र्याला शंभरावर बारीक पापुद्रे. तीनशे-चारशे किलोंचा प्राणी पळताना क्षणभर एका पायावर येतो, तेव्हा तो सगळा भार या गुंफणीवर असतो. तळव्याच्या मागच्या भागात एक त्रिकोणी, रबरासारखा लवचीक भाग असतो. पाऊल टेकलं की टाचा किंचित फाकतात, हा त्रिकोण आणि त्याच्या वरची गादी दाबली जाते, आणि खुरातलं रक्त वर ढकललं जातं. चालणं हाच खुराच्या रक्ताभिसरणाचा मोठा आधार आहे, आणि टाचा जखडून टाकणारा नाल का वाईट, याचंही उत्तर इथंच आहे.

खुराची भिंत महिन्याला ८ ते १० मिलिमीटर वाढते. वर, जिथं केस संपतात तिथं तयार झालेलं द्रव्य खुराच्या पुढच्या टोकाशी जमिनीपर्यंत पोचायला ९ ते १२ महिने लागतात. म्हणून घोड्याचं खूर ही गेल्या वर्षाची नोंदवही असते. आजारपण, ताप, चाऱ्यातला अचानक बदल, उपासमार या सगळ्यांच्या आडव्या रेघा भिंतीवर उमटतात आणि हळूहळू खाली सरकतात. रेघा समांतर असतील तर फारशी काळजी नको. टाचेकडे त्या एकमेकींपासून दूर होत फाकलेल्या दिसल्या, तर या घोड्याला आधी कधी तरी खुराच्या आतला तो भयंकर दाह होऊन गेलेला असू शकतो, ज्याबद्दल पुढं सांगायचंच आहे. अकलूजच्या किंवा सारंगखेड्याच्या बाजारात घोडा घेणाऱ्यानं दात आणि भोवरे पाहण्याआधी या रेघा पाहाव्यात, असं माझं स्पष्ट मत आहे. आयाळ विंचरता येते, अंगाला तेल लावून चकाकी आणता येते. रेघा सहजी लपत नाहीत.

आता सगळ्यात नेहमीचं दुखणं. काल चांगला चालणारा घोडा आज सकाळी तीन पायांवर उभा आहे, चौथा टेकवतच नाही. मालकाला वाटतं हाड मोडलं. पुष्कळदा ते हाड नसतं, खुरातला पू असतो. काटा, खिळा, अणकुचीदार खडा किंवा भिंत आणि तळवा जिथं जुळतात त्या पांढऱ्या रेषेतली फट, यातून घाण आत जाते. खूर टणक असल्यामुळे पू पसरायला जागा नसते, आत दाब वाढतो आणि वेदना असह्य होतात. तपासायचं असं: दोन्ही पुढच्या खुरांवर हाताची मागची बाजू ठेवून उष्णता ताडून पाहा. मग खुरावरच्या सांध्याच्या मागच्या दोन्ही अंगांना बोटं टेकवून नाडी चाचपा. निरोगी पायात ती जेमतेम लागते. पू किंवा दाह असेल तर ठणठण उडते. पशुवैद्य पकडीनं तळवा जागोजाग दाबतो, नेमक्या जागी घोडा पाय हिसकतो. तिथं लहानसं भोक करून पू काढला की काही तासांत घोड्याच्या चेहऱ्यावर फरक दिसतो. पुढं काही दिवस कोमट पाण्यात मॅग्नेशिअम सल्फेट घालून पाय बुडवणं आणि स्वच्छ कापसाची पट्टी बांधून घाण आत जाऊ न देणं, एवढं पुरतं. भोक करण्याचं काम पशुवैद्याचं आहे. सुरीनं तळवा मनमानी खरवडून काढला, तर पुवापेक्षा मोठं दुखणं मागे लागतं.

खिळा रुतलेला दिसला तर हात आधी तो उपसायला जातो. थांबा. तळव्याच्या मध्यभागी किंवा त्या त्रिकोणात घुसलेला खिळा आतल्या सांध्यापर्यंत, कंडरेच्या आवरणापर्यंत पोचलेला असू शकतो. पशुवैद्य लवकर येणार असेल, तर खिळा तसाच ठेवून त्याच्या भोवती जाड गादी बांधा, म्हणजे तो आणखी आत जाणार नाही. क्ष-किरणात त्याची दिशा आणि खोली दिसते. थांबणं शक्यच नसेल, तर उपसण्याआधी मोबाइलवर फोटो काढा, कुठं आणि किती तिरका घुसला होता याची खूण ठेवा, आणि उपसलेला खिळा जपून ठेवा. रांजणगावच्या वसाहतीजवळ घोडे बांधणाऱ्यांनी हे पाठच करावं.

आणि धनुर्वात. पाळीव जनावरांमध्ये धनुर्वाताला सर्वांत लवकर बळी पडणारा प्राणी घोडा आहे. त्याचे जंतू माती आणि लीद या दोन्हींत असतात, म्हणजे खुराच्या जखमेला ते भेटणारच. धनुर्वात झालेला घोडा वाचणं कठीण, आणि त्याचं मरण पाहवत नाही. लस मात्र स्वस्त आहे: दोन मात्रा महिना-दीड महिन्याच्या अंतरानं, आणि नंतर पशुवैद्य सांगेल त्याप्रमाणे पुन्हा. ज्याच्या घोड्याला ही लस दिलेली नाही, त्यानं पुढची पानं नंतर वाचावीत आणि आधी दवाखान्यात जावं.

आता तो भयंकर दाह. इंग्रजीतून आलेलं त्याचं नाव लॅमिनायटिस. हाडाला भिंतीशी बांधून ठेवणारी पापुद्र्यांची गुंफण सुजते, मग सुटू लागते, आणि घोड्याच्या स्वतःच्या वजनानं आतलं हाड तळव्याकडे झुकतं किंवा खचतं. बहुधा दोन्ही पुढचे पाय एकदम धरले जातात, म्हणून एका पायाची लंगड दिसत नाही. घोडा वळताना अडखळतो, निखाऱ्यांवर चालल्यासारखा चालतो. उभा राहतो तेव्हा पुढचे पाय पुढं ताणून, भार टाचांवर आणि मागच्या पायांवर टाकून उभा राहतो. ही उभं राहण्याची ठेवण एकदा पाहिली की विसरता येत नाही.

हे होतं कशामुळं? निम्म्याहून अधिक गोष्ट खाण्याची आहे. घोड्यानं रात्री दावं तोडून बाजरीचं पोतं फोडलं, लग्नघरी उरलेल्या चपात्या आणि बुंदी कुणी प्रेमानं पाटीभर खाऊ घातली, की एवढं पीठ आणि साखर लहान आतड्यात पचत नाही. ते सगळं मागच्या मोठ्या आतड्यात जाऊन आंबतं, आम्ल तयार होतं, तिथले जंतू मरून त्यांची विषारी द्रव्यं रक्तात उतरतात. खुराचं दुखणं दिसायला यानंतर एक-दोन दिवस लागतात. तोवर घोडा धडधाकट दिसतो आणि मालक निश्चिंत असतो. खरी मदत होते ती याच एक-दोन दिवसांत. त्या वेळीच पशुवैद्याला बोलवावं, आणि रसवंतीवाल्याकडून बर्फाची लादी आणून बर्फाच्या पाण्यात घोड्याचे पाय गुडघ्याखालच्या नळीच्या हाडाच्या मध्यापर्यंत बुडवून ठेवावेत. तासभर नव्हे, दोन-तीन दिवस अखंड, बर्फ वितळेल तसा नवा टाकत. कष्टाचं काम आहे, पण दाह टाळण्याचा एवढा प्रभावी उपाय दुसरा नाही.

दुसरं कारण हळू चालणारं आहे आणि आपल्या बागायती भागात अधिक सावध करणारं. २००७ साली ऑस्ट्रेलियात निरोगी तट्टांच्या रक्तातलं इन्शुलिन सलग वाढवून ठेवण्याचा प्रयोग झाला. त्यांना धान्य जास्त दिलेलं नव्हतं, पोट बिघडलेलं नव्हतं. तरी तीन दिवसांच्या आत त्यांच्या चारही पायांत हा दाह दिसला. नुसतं वाढलेलं इन्शुलिनच पापुद्र्यांची गुंफण सैल करतं, हे त्यातून कळलं. लठ्ठ, बसून असलेल्या आणि साखर जास्त खाणाऱ्या घोड्यात इन्शुलिन असंच वाढलेलं राहतं. कमी चाऱ्यावर तगणाऱ्या तट्टांच्या जातींत हा धोका जगभर जास्त दिसतो. भीमथडीचं तट्टू खुरट्या गवतावर घडलेलं आहे. त्याला ऊसपट्ट्यात बांधून उसाच्या कांड्या, गूळ, मळी आणि रोज दोन वेळ भरडा दिला, तर त्याच्या मानेवर चरबीची वळी चढते. मालक कौतुकानं सांगतो, घोडं भरलंय. ती वळी धोक्याची खूण आहे. अशा घोड्याला वजनाच्या दीड ते दोन टक्के कोरडा चारा, कडबा आणि वाळलं गवत, मीठ आणि पाणी एवढंच द्यावं. धान्य हे कामाच्या घोड्याला, कामाच्या दिवसांत.

इथंच एक जुनी समजूत आड येते. घोडा का अडला, भाकरी का करपली, पान का सडलं, या तिन्ही प्रश्नांचं एकच उत्तर आपण लहानपणी ऐकलेलं असतं: न फिरवल्यामुळं. पोटात कळ आलेल्या घोड्याला फिरवण्याचा सल्ला पुष्कळदा बरोबर असतो. लॅमिनायटिस झालेल्या घोड्याला फिरवणं म्हणजे सुटत आलेल्या पापुद्र्यांना प्रत्येक पावलानं ओढून फाडणं. त्याला हलवू नका. जाड वाळू किंवा भरपूर भुश्शाच्या मऊ बिछान्यावर उभं राहू द्या, आडवा झाला तर बळजबरीनं उठवू नका, दाणा ताबडतोब बंद करा. वेदनाशामक किती आणि किती दिवस द्यायचं ते पशुवैद्य ठरवेल. हाड किती झुकलंय हे क्ष-किरणातच दिसतं. तालुक्याच्या दवाखान्यात ती सोय नसेल तर शिरवळच्या क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यक महाविद्यालयाचा सल्ला घ्या. फिरत्या पशुवैद्यकीय पथकासाठी १९६२ हा क्रमांक आहे.

ओलाव्याची दुखणी यामानानं साधी, पण दौंडच्या भीमाकाठच्या गावांत आणि उसाच्या रानात बांधलेल्या घोड्यांत ती पावसाळाभर असतात. तळव्यातल्या त्रिकोणाच्या खाचा काळ्या पडतात, बोट घातलं की चिकट द्रव आणि सडका वास. ओल्या लिदीत उभं राहणं हे त्याचं कारण, कोरडी जागा हा त्याचा इलाज. सडलेला भाग पशुवैद्याकडून किंवा जाणत्या नालबंदाकडून साफ करून घ्यावा, खाचा घासून धुवाव्यात, कोरड्या कराव्यात, मग पातळ पोव्हिडोन आयोडीन किंवा मोरचुदाचं सौम्य पाणी लावावं. मोरचूद जिवंत मांसावर भरू नये, ते भाजतं. काही जण खुरांना चमक यावी म्हणून गाडीचं जळकं ऑइल चोपडतात. त्यानं खूर सुधारत नाही, त्यावर धूळ मात्र बसते. उन्हाळ्यात खुराला भेगा पडतात, त्याचं कारणही बऱ्याचदा कोरडेपणापेक्षा वाढलेलं, न कापलेलं खूर हे असतं.

नालबंद कमी झाले आहेत. गळिताच्या हंगामात बैलांना पत्र्या मारणारे कारागीर कारखान्यांच्या आसपास भेटतात, आणि वेळेला त्यांच्याकडूनच घोड्याला नाल मारून घेतला जातो. बैलाचं खूर दुभंगलेलं, प्रत्येक भागाला वेगळी पत्री, आणि बैलाला पाडून, पाय बांधून हे काम करतात. घोड्याचं खूर एकसंध असतं आणि नाल उभ्यानं मारतात. दोन्हींत हात बसायला वेगवेगळी वर्षं लागतात. चांगल्या कामाच्या खुणा मालकाला कळायला हव्यात. नाल खुराच्या मापानं वळवलेला असावा; नालाच्या मापानं खूर कानसलेलं नसावं. खिळे पांढऱ्या रेषेच्या बाहेरच्या अंगानं जाऊन भिंतीतून साधारण एक-तृतीयांश उंचीवर बाहेर यावेत. खुराच्या सर्वांत रुंद जागेच्या मागं, टाचेकडे खिळे नसावेत, कारण टाच प्रत्येक पावलाला फाकायला हवी. पुढचं टोक लांब आणि टाच खाली बसलेली राहिली, तर मागच्या कंडरेवर कायमचा ताण येतो. सहा ते आठ आठवड्यांनी नाल काढून, वाढलेलं खूर कापून पुन्हा बसवावाच लागतो. नाल झिजला नाही म्हणून तसाच ठेवणं ही बचत नव्हे. नाल मारल्यावर त्याच दिवशी किंवा पुढच्या आठवड्यात घोडा लंगडू लागला, तर एखादा खिळा जिवंत भागात किंवा त्याच्या अगदी जवळ गेला असावा. नाल काढून घ्या, धनुर्वाताची लस दिलीय का ते पाहा, पशुवैद्याला दाखवा.

प्रत्येक घोड्याला नाल हवाच असंही नाही. माळानं, पायवाटेनं फिरणारं धनगराचं तट्टू बिननालाचं उत्तम राहतं. डांबरावरून रोज चालणाऱ्या घोड्याचं खूर वाढीपेक्षा जास्त झिजतं, त्याला नाल लागतो. लग्नसराई संपली, घोडा चार महिने बसून राहणार, तर नाल काढून टाकावेत, खूर कापून घ्यावं आणि पायांना मोकळेपण द्यावं.

घाटातल्या घोडीचं वेगळं सांगायला हवं. सर्वोच्च न्यायालयानं डिसेंबर २०२१ मध्ये बैलगाडा शर्यतींना सशर्त परवानगी दिली आणि मे २०२३ मध्ये राज्याचा कायदा वैध ठरवला, तेव्हापासून शिरूरच्या गावोगावच्या यात्रांत घाट पुन्हा गजबजले. बारी, म्हणजे घाटातली एक धाव, काही सेकंदांची असते. थंड अंगाची घोडी उभ्या जागेवरून चढावर सुसाट सुटते, मागून बैल येत असतात, आणि वर पोचताच तिला आवरलं जातं. नळीच्या हाडामागची कंडरा अशाच धक्क्यांत दुखावते. दुसऱ्या दिवशी तिथं उष्ण, दुखरा फुगवटा दिसतो, नळीची मागची सरळ रेघ धनुष्यासारखी बाहेर येते. पहिले दोन-तीन दिवस दिवसातून चार-पाच वेळा गार पाण्याची धार, आधाराची पट्टी आणि पूर्ण विश्रांती. फुगवटा दोन आठवड्यांत उतरतो, आणि तिथंच फसायला होतं. आतली कंडरा भरून यायला ९ ते १२ महिने लागतात. मधल्या काळात जागेवर बांधून उभं ठेवण्यापेक्षा पशुवैद्याच्या सल्ल्यानं हळूहळू वाढवलेली चाल हवी. फुगवटा उतरला म्हणून पुढच्याच यात्रेत उतरवलेली घोडी पुन्हा मोडते, आणि दुसऱ्यांदा मोडलेली पहिल्यासारखी क्वचितच होते. बारीआधी पंधरा-वीस मिनिटं चालवून, मग दुडकीनं अंग गरम करायला पैसा लागत नाही. नवे नाल यात्रेच्या आदल्या दिवशी मारू नयेत, आठ-दहा दिवस आधी मारावेत, म्हणजे खिळा चुकला असेल तर कळून येतो.

दुखऱ्या पायाला वेदनाशामक टोचून घोडी उभी करणं हा मात्र गुन्हाच मानला पाहिजे. वेदना थांबल्यानं कंडरा सांधत नाही. पाय जपण्याची तिची जाणीव तेवढी जाते, आणि वरचा स्वार तिच्याबरोबर कोसळू शकतो. दुखणं किंवा जखम असल्यामुळे कामाला नालायक झालेल्या जनावराकडून काम करून घेणं, १९६० च्या प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या कायद्याच्या कलम ११ नुसार शिक्षेस पात्र आहे. वरातीत लंगडणारा घोडा दिसला, तर नवऱ्या मुलाच्या घरच्यांनीच त्याला परत पाठवावं.

रोजचं काम पाच-दहा मिनिटांचं आहे. घोड्याच्या खांद्याजवळ, त्याच्या शेपटीकडे तोंड करून उभं राहावं, हात खांद्यापासून खाली नळीपर्यंत फिरवत न्यावा, कंडरेवरून बोटं फिरवताना उष्णता आणि सूज चाचपावी, आणि हलकेच दाबून पाय उचलायला लावावा. तळवा टाचेकडून टोकाकडे साफ करावा. खाचांतला वास घ्यावा, खिळे हलतात का पाहावं, भिंतीवर तळहात ठेवावा. मोतद्दार ठेवला असेल तरी आठवड्यातून एकदा मालकानं हे स्वतः करावं. शिंगरांना जन्मापासून पाय उचलू देण्याची सवय लावावी; ज्या घोड्यानं लहानपणी पाय दिला नाही, त्याचं खूर पुढं कुणीच नीट करू शकत नाही. आणि ज्या सकाळी घोडी मान झटकत चालताना दिसेल, त्या दिवशी तिला घाटावर नेऊ नका. तिचं खूर उचला, पशुवैद्याला फोन करा; यात्रा पुढच्या वर्षीही भरणार आहे.